रायफलचं चेंबर आणि हाताने भरलेलं काडतूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आणि परवान्याने रायफल बाळगून रेंजवर जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी जे झाडलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी आवरणं, घरी पुन्हा भरतात त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. यातले बरेच जण चाकण, सातपूर, कोल्हापूरच्या कारखान्यांतून बाहेर पडलेले आहेत. त्यांना ‘थाउ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग आणि गो-नोगो गेज वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की एक थाउ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, आणि गेज म्हणजे माप नियमात बसतं का हे तपासायचा पोलादी ठोकळा. खाली सगळीकडे मापं इंचात आहेत, कारण या छंदातल्या डाय (पुंगळी दाबून मापाला आणणारे, म्हणजे साइझ करणारे साचे), गेज आणि मॅन्युअल इंचाचीच भाषा बोलतात. उदाहरणासाठी .३०८ विंचेस्टर घेतलं आहे. ते १९५२ साली बाजारात आलं आणि आजही नवशिक्यांच्या हाती बहुधा तेच असतं. दारूचं वजन इथे कुठेही दिलेलं नाही. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं आणि सुरुवात तिथल्या किमान आकड्यापासून करायची.

मॅन्युअलमध्ये मापं आहेत, डायच्या डब्यात सूचना आहेत. मग माझ्याच चेंबरचं, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप वेगळं कशाला घ्यायचं?

कारण डाय बनवणाऱ्याने तुमची रायफल पाहिलेली नाही. त्याला अशी पुंगळी द्यायची असते जी त्या कॅलिबरच्या कुठल्याही रायफलमध्ये, अगदी सगळ्यात आखूड चेंबरमध्येही, बिनबोभाट बसेल. म्हणून तो डाय थोडी आखूडच करतो. तुमचं चेंबर त्याहून सात-आठ थाउ लांब असलं, तर सूचनेबरहुकूम बसवलेली डाय दर वेळी पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) तेवढा मागे दाबणार आणि बार झाला की चेंबर तो पुन्हा तेवढाच पुढे ताणणार. तार एकाच जागी वाकवून सरळ करत राहिलं की ती जशी तुटते, तशी ही पितळ तुटते.

माझं ठाम मत असं आहे की हाताने भरलेल्या काडतुसांत ‘हेडस्पेस जास्त आहे’, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये सैल बसतं, अशी जी तक्रार येते, ती बहुतेक वेळा रायफलमध्ये नसते. रायफल गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) तपासून घेतलेली असते, गेजमध्ये व्यवस्थित पास झालेली असते. जादा फट आपणच आपल्या टेबलावरच्या प्रेसमध्ये, म्हणजे डाय बसवतात त्या दाबयंत्रात, तयार करत असतो.

हेडस्पेस नेमकं कुठून कुठपर्यंत मोजतात?

बंद केलेल्या बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या सपाट तोंडापासून ते काडतूस पुढे जाताना चेंबरमध्ये जिथे अडतं त्या जागेपर्यंत. अडण्याची जागा काडतुसाच्या घडणीप्रमाणे बदलते. .३०३ ब्रिटिश किंवा .३०-३० मध्ये तळाची कडा, म्हणजे रिम, अडते. .३७५ एच अँड एच आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमला तळाशी पट्टा असतो, तो अडतो. .३० कार्बाइनसारख्या सरळ, बिनकडेच्या पुंगळीचं तोंडच अडतं. आणि .२२३, .३०८, .३०-०६ अशा बाटलीच्या आकाराच्या बिनकडेच्या पुंगळ्यांमध्ये खांदा अडतो.

खांदा उतरता असल्यामुळे ‘खांद्यापर्यंत’ म्हणजे कुठपर्यंत हे ठरवावं लागतं. त्यासाठी उतारावर एक ठरावीक व्यास धरलेला असतो. .३०८ साठी तो ०.४०० इंच, .३०-०६ साठी ०.३७५ आणि .२२३ साठी ०.३३० आहे. तळापासून त्या व्यासाच्या वर्तुळापर्यंतचं अंतर हेच आपलं माप.

ही प्रमाण मापं कोण ठरवतं आणि त्यांत किती सूट असते?

अमेरिकेत सामी ही उत्पादकांची संस्था १९२६ पासून हे काम करते. युरोपात सीआयपी हा आयोग १९१४ पासून आहे आणि त्याच्या सदस्य देशांत त्याचे नियम कायद्याने बंधनकारक आहेत.

सामीच्या आराखड्यात .३०८ च्या चेंबरचं हेडस्पेस १.६३० ते १.६४० इंच चालतं. काडतुसाचं तेच माप १.६२७ ते १.६३४ चालतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सर्वांत लांब चेंबर आणि सर्वांत आखूड काडतूस एकत्र आलं तर १३ थाउची फट पडते. उलट टोकाला काडतूस चेंबरपेक्षा ४ थाउ लांब निघतं आणि बोल्ट बंद करताना ते किंचित चेपलं जातं. दोन्ही टोकं नियमात बसतात. कारखान्याला लाखो काडतुसं हजारो रायफलींत चालवायची असतात, म्हणून ही सूट गरजेची आहे. तुम्हाला एकाच रायफलसाठी भरायचं असतं, म्हणून तुम्हाला तिची गरज नाही. घरी भरण्याचा अर्धा फायदा इथेच आहे.

गो, नो-गो आणि फील्ड गेज मी विकत घ्यावेत का?

कारखान्यातून आलेली नवी रायफल असेल आणि फक्त पुंगळ्या नीट करायच्या असतील तर तिन्हींची गरज नाही. बॅरल बदललं असेल, जुनी लष्करी रायफल घेतली असेल किंवा वेगळ्या रायफलचा बोल्ट बसवला असेल तर मात्र गेजशिवाय एकही गोळी झाडू नका.

.३०८ चे गेज साधारणपणे १.६३०, १.६३४ आणि १.६३८ इंचांचे मिळतात. गो गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे. नो-गोवर बंद होता कामा नये, निदान नव्या चेंबरमध्ये तरी. वापरलेल्या रायफलमध्ये नो-गोवर बोल्ट मिटला तर फील्ड गेज लावून पाहतात. त्याच्यावरही मिटला तर रायफल गनस्मिथकडे. गेज लावताना एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि इजेक्टर (ती बाहेर फेकणारी खुंटी) काढून ठेवावेत आणि हँडल दोन बोटांनीच फिरवावं. तळहाताचा जोर लावला तर बोल्टच्या कुलपांचा दाब कडक पोलादी गेजवर येतो आणि गेज खोटं सांगतो.

गो गेजचा आणखी एक उपयोग आहे. तो पुढे मोजमापाच्या उत्तरात येईल.

बार होतो त्या क्षणी पुंगळीचं काय होतं?

हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकीचे निम्मे प्रश्न पडत नाहीत.

फायरिंग पिन आदळते ती पूर्ण काडतुसाला पुढे ढकलते. खांदा चेंबरला टेकतो आणि सगळी फट मागे, तळ आणि बोल्टच्या मध्ये, गोळा होते. मग दारू पेटते. .३०८ साठी सामीची दाबाची कमाल सरासरी मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. त्या दाबाने पुंगळीचा पुढचा, पातळ भाग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि त्यामुळेच गॅस मागे येत नाही. तळाजवळची पितळ मात्र जाड असते, ती तशी चिकटत नाही. दाब तिला मागे रेटतो आणि ती बोल्टला टेकेपर्यंत सरकते. पुढचा भाग जागेवर, मागचा भाग सरकतोय, तर ताण कुठे पडणार? जाड तळ संपून पातळ भिंत सुरू होते त्या रेषेवर. फट दोन थाउ असेल तर पितळ ते सहज सोसते. दहा-बारा थाउ असेल तर दर बाराला तिथली भिंत पातळ होत जाते.

दाब उतरल्यावर पितळ किंचित आक्रसते, म्हणून पुंगळी चेंबरमधून सुटून बाहेर येते. बाहेर आलेली ती पुंगळी म्हणजे तुमच्या चेंबरचा जवळजवळ हुबेहूब साचा, फक्त थाउभर लहान.

पुंगळी तुटायला आली आहे हे आधी कसं ओळखायचं?

तळापासून थोडं वर, गोल फिरलेली एक चकचकीत किंवा फिकट रेघ दिसते. साइझिंग डायही तिथे एक खूण उमटवते, त्यामुळे बाहेरून नेहमी खात्री होत नाही. खात्री आतून करायची. एक पेपरक्लिप सरळ करा, तिचं टोक दोनेक मिलिमीटर काटकोनात वाकवून घासून टोकदार करा. पुंगळीच्या आत तळापर्यंत घाला आणि टोक भिंतीला दाबत हळूहळू वर ओढा. चांगल्या पुंगळीत टोक सरळ सरकतं. खराब पुंगळीत जाड भागाच्या वरच्या बाजूला ते एका खाचेत पडतं आणि अडकतं. ते बोटाला स्पष्ट जाणवतं. अशी एक जरी सापडली, तरी तितक्याच वेळा झाडलेला पूर्ण लॉट तपासा. एक पुंगळी उभी कापून आतून पाहिली तर विषय कायमचा समजतो.

पुंगळी चेंबरमध्ये तुटली तर पुढचा तुकडा आत अडकून राहतो, हे त्यातल्या त्यात बरं. गरम गॅस आणि पितळेचे कण मागे चेहऱ्याकडे येऊ शकतात. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच, रोज, एक गोळी झाडायची असली तरी.

माझ्या चेंबरचं हेडस्पेस घरी कसं मोजू?

आपल्याच रायफलमधून झाडलेली पुंगळी, कॅलिपर आणि कंपॅरेटर (ठरावीक छिद्राचा बुश, म्हणजे कडी, धरणारा कॅलिपरचा जोड) एवढं पुरतं. हॉर्नेडीच्या संचात पाच बुश मिळतात: ०.३३०, ०.३५०, ०.३७५, ०.४०० आणि ०.४२०. .३०८ ला ०.४०० चा बुश. तो कॅलिपरच्या जबड्यावर बसवायचा, जबडे मिटून शून्य करायचं आणि पुंगळीचा खांदा बुशमध्ये टेकवून वाचन घ्यायचं.

मोजण्याआधी जुना प्राइमर (तळातली, दारू पेटवणारी टिकली) काढून टाका. पिनच्या खड्ड्याभोवती धातू उचललेला असतो किंवा प्राइमर किंचित बाहेर आलेला असतो, आणि तेवढ्याने माप चुकतं. तळावर इजेक्टरने उठवलेली बर, म्हणजे धातूची बारीक कड, असेल तर तीही पाहा. एकाच पुंगळीवर विसंबू नका. पाच-सात मोजा आणि त्यांतलं सगळ्यात लांब, पण वारंवार येणारं वाचन धरा. हलक्या लोडने (कमी दारूने) एकदाच झाडलेली पुंगळी चेंबर पूर्ण भरत नाही, म्हणून तिच्यावरून काढलेलं माप आखूड येतं. फक्त मान साइझ करून तीच पुंगळी दोन-तीनदा झाडा. बोल्ट मिटताना किंचित आवळतोय असं वाटू लागलं की खांदा चेंबरला पूर्ण पोचला.

आता गो गेज. बुशच्या कडेला बारीक गोलाई असते, त्यामुळे कंपॅरेटरचं वाचन सामीच्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. १.६३० चा गो गेज त्याच बुशमध्ये मोजा. वाचन १.६२६ आलं, तर तुमचं साधन ४ थाउ कमी दाखवतं. हा फरक माहीत नसला तरी काम अडत नाही, कारण आपल्याला झाडलेली आणि साइझ केलेली पुंगळी यांतलाच फरक हवा असतो. पण रेंजवर कुणी आपला आकडा सांगितला तर तो आपल्या आकड्याशी ताडून पाहू नका. दोन कॅलिपर, दोन बुश, दोन हात यांत दोन-तीन थाउ सहज इकडेतिकडे होतात.

याहून नेमकी पद्धत आहे का?

बोल्ट रायफल असेल तर आहे, आणि मला तीच सगळ्यात विश्वासाची वाटते. बोल्टमधून फायरिंग पिनची जुळणी आणि इजेक्टर दोन्ही काढा. आता रिकाम्या चेंबरवर बोल्टचं हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवं. मग झाडलेली, प्राइमर काढलेली रिकामी पुंगळी घालून हँडल सोडा. ते वरच अडकेल. डाय थोडी खाली घेऊन पुंगळी साइझ करा आणि पुन्हा पाहा. हँडल आधी अर्ध्यात थांबेल, मग जड होऊन उतरेल, आणि एका टप्प्यावर सुळकन खाली पडेल. ते जिथे पहिल्यांदा अडथळ्याविना पडलं, तिथे फट शून्याच्या अगदी जवळ आहे. तिथून एक-दीड थाउ आणखी दाबलं की झालं. हे काम फक्त रिकाम्या पुंगळ्यांवर करायचं. भरलेलं काडतूस त्या टेबलावरसुद्धा नको.

खांदा नक्की किती मागे दाबायचा?

बोल्ट रायफलसाठी एक ते दोन थाउ. सेमी-ऑटोसाठी तीन ते पाच, कारण तिथे बोल्ट मिटवायला हात नसतो, स्प्रिंग असते. पुंगळी अडली आणि बोल्ट अर्धवट मिटला तर ते आवळलेल्या बोल्टपेक्षा कितीतरी घातक. शिकारीला जाणाऱ्याने बोल्ट रायफलमध्येही दोन-तीन थाउ सोडावेत. थंडीत, धुळीत, घाईत बोल्ट मिटलाच पाहिजे.

डाय थोडी खाली घेतली तर पुंगळी आखूड होण्याऐवजी लांब झाली. हे कसं?

डाय बिघडलेली नाही. झाडलेल्या पुंगळीची कंबर फुगलेली असते. पुंगळी डायमध्ये शिरताना आधी कंबर आवळली जाते, आणि आवळलेल्या पितळेला जायला जागा एकच, पुढे. त्यामुळे डाय खांद्याला टेकण्याआधी खांदा दोन-तीन थाउ पुढे जातो आणि बोल्ट आधीपेक्षा जास्त आवळतो. इथे घाबरून अनेक जण डाय एकदम अर्धा फेरा खाली घेतात, आणि बारा थाउच्या फटीचा जन्म इथेच होतो.

डायचे आटे इंचाला १४ असतात. म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला ७१ थाउ, आठव्या भागाच्या फेऱ्याला ९. डायच्या सूचनेत ‘शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचा तळ धरणाऱ्या भागाला) टेकल्यावर आणखी आठवा ते चौथा भाग फिरवा’ असं लिहिलेलं असतं ते किती होतं ते यावरून पाहा. दोन थाउसाठी डाय फक्त दहा अंश फिरवावी लागते. लॉक रिंगवर मार्करने रेघ मारून ठेवा. रेडिंगचे २ थाउच्या टप्प्यांनी वाढत जाणारे शेलहोल्डर घेतले तर डायला हातच लावावा लागत नाही.

आणि एका सेटिंगने सगळ्या पुंगळ्या सारख्या निघत नाहीत. जास्त वेळा झाडलेली पितळ कडक होते आणि डायमधून निघाल्यावर पुन्हा उसळते. वंगण कमी-जास्त झालं तरी थाउभर फरक पडतो. म्हणून झाडण्याची संख्या सारखी असलेल्या पुंगळ्या एकत्र ठेवायच्या आणि त्यांच्याच गटात काम करायचं.

ट्रिमिंग आणि हेडस्पेस एकच का?

नाही, आणि ही गल्लत सतत होते. हेडस्पेस तळापासून खांद्यापर्यंत. ट्रिम केलं जातं ते तळापासून तोंडापर्यंतच्या पूर्ण लांबीत. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, आणि कापून ती २.००५ ला आणतात. दर साइझिंगला थोडी पितळ मानेकडे वाहते आणि पुंगळी लांब होते. कमालीपेक्षा लांब झाली की तिचं तोंड चेंबरच्या मानेच्या टोकाला दाबलं जातं आणि बुलेटवर, म्हणजे पुढे उडणाऱ्या गोळीवर, घट्ट आवळतं. बुलेट सुटत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. बोल्ट मात्र मिटतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. मापाची खबरदारी इथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त मोलाची आहे. साइझ केल्यावर मोजा, आधी नव्हे.

मानेभोवती किती जागा हवी?

भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास चेंबरच्या मानेपेक्षा निदान दोन-तीन थाउ कमी असावा. कारखान्याच्या चेंबरमध्ये एवढी जागा सहसा असतेच. स्पर्धेसाठी मुद्दाम अरुंद मानेचं चेंबर कापून घेतलं असेल तर त्याचा आकडा बॅरलवर कोरलेला असतो, आणि तिथे पुंगळीची मान बाहेरून तासून घ्यावी लागते. घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. नुकत्याच झाडलेल्या पुंगळीत नवी बुलेट हाताने सोडून पाहा. अलगद आत गेली तर जागा आहे. अडली तर आधी तोंडाची कड मुडपली आहे का ते पाहा, आणि ती ठीक असेल तर पुढचं भरणं थांबवा.

थ्रोट म्हणजे काय? बुलेट ‘लँडपासून किती लांब’ याचा एवढा गवगवा का?

चेंबरची मान संपली की रायफलिंग (बॅरलच्या आतले वळणदार आटे) लगेच सुरू होत नाही. मध्ये एक गुळगुळीत, बिनआट्यांचा तुकडा असतो, त्याला फ्रीबोअर म्हणतात. पुढे रायफलिंगचे उंचवटे, म्हणजे लँड, तिरक्या उताराने हळूहळू उठतात. या सगळ्या भागाला मिळून थ्रोट. बुलेट पुंगळीतून सुटून लँडला भिडेपर्यंत जे अंतर जाते ती तिची उडी. ही उडी किती हवी हे बुलेटवर अवलंबून असतं. काही लांब, निमुळत्या बुलेट लँडजवळ ठेवल्यावर चांगल्या लागतात, काहींना वीस-तीस थाउ किंवा त्याहून जास्त उडी चालते. वेदरबीच्या मॅग्नम रायफली लांब फ्रीबोअरसाठीच ओळखल्या जातात आणि तरी अचूक असतात.

धोका लँडला टेकवण्यात आहे. टेकलेली बुलेट सुरुवातीलाच अडून बसते आणि तोच लोड जास्त दाब दाखवतो. त्यामुळे उडी कमी करायची असेल तर दारू आधी खाली आणून पुन्हा पायरीपायरीने चढायचं. आणखी एक व्यवहारी अडचण आहे. लँडमध्ये रुतवलेली बुलेट न झाडता बोल्ट उघडला, तर पुंगळी बाहेर येते, बुलेट बॅरलमध्ये राहते आणि दारू अॅक्शनभर सांडते. रेंजवर ‘सीज फायर’च्या वेळी हे झालं की दिवस संपला.

मोजण्यासाठी आट्यांचं छिद्र पाडलेली खास पुंगळी आणि दांडी मिळते. बुलेट तिच्यात सैल बसवून चेंबरमध्ये घालायची आणि दांडीने लँडला हलकेच टेकवायची. हलकेच हा शब्द महत्त्वाचा, कारण जोर लावला तर ती दहा थाउ आत घुसते. मग माप टोकापर्यंत घ्यायचं नाही. बुलेटची टोकं एकाच डब्यातही कमी-जास्त असतात. बुलेट कंपॅरेटर लावून तळापासून बुलेटच्या फुगवट्यापर्यंत घ्यायचं. दुसऱ्या बनावटीची बुलेट घेतली की हे माप पुन्हा पहिल्यापासून काढायचं.

मॅन्युअलमध्ये .३०८ ची एकूण लांबी २.८१० लिहिली आहे. माझे लँड त्याहून पुढे आहेत. काय करू?

मॅगझिनमध्ये मावेल तेवढंच ठेवा. एकेक गोळी हाताने घालून नेमबाजी करणाऱ्यांना लांब ठेवता येतं, पण मानेत बुलेट पुरेशी धरलेली हवी.

.२२३ आणि ५.५६, .३०८ आणि ७.६२ नाटो: पुंगळी तीच, मग चेंबर वेगळं कसं?

.२२३ आणि ५.५६ मध्ये खरा फरक थ्रोटचा आहे. ५.५६ च्या चेंबरला थ्रोट लांब असते आणि तिची लष्करी काडतुसं त्या हिशेबाने भरलेली असतात. ती .२२३ च्या आखूड थ्रोटमध्ये झाडली तर दाब चढू शकतो. उलट दिशेने, .२२३ चं काडतूस ५.५६ मध्ये, चालतं. वाइल्ड नावाचं चेंबर या दोघांच्या मधलं आहे.

.३०८ आणि ७.६२ मध्ये फरक हेडस्पेसचा आहे. लष्करी चेंबर लांब असतं. अमेरिकी लष्कराचा त्यासाठीचा गो गेजच १.६३५५ चा आहे, म्हणजे .३०८ च्या नो-गोपेक्षाही लांब. त्यामुळे लष्करी रायफलला .३०८ चा नो-गो लावून ‘बाद’ म्हणू नका, आणि डबा उघडून त्यातल्या पातळ व्यापारी पुंगळ्या चार-पाच वेळा वापरायची अपेक्षाही ठेवू नका. लष्करी पुंगळीची पितळ बहुधा जाड असते, आत जागा कमी उरते, म्हणून तिच्यात भरताना दारूचा आकडा खालून सुरू करावा लागतो.

पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात बनलेल्या ७.६२ च्या ली-एनफिल्ड अमेरिकेत बऱ्याच आहेत, आणि भारतीय माणसाला त्या हमखास घ्याव्याशा वाटतात. घ्या, सुंदर रायफल आहे. आधी गनस्मिथकडून हेडस्पेस तपासा आणि लोड हलकाच ठेवा.

.३०३ च्या पुंगळ्या दोन-तीन बारांतच तुटतात. रायफल खराब आहे का?

बहुधा नाही. .३०३ मध्ये हेडस्पेस रिमवर ठरतं, किमान ०.०६४ इंच. चिखलातल्या युद्धासाठी बनलेल्या .३०३ ली-एनफिल्डच्या चेंबरचा खांदा मात्र मुद्दाम बराच पुढे कापलेला असतो. रिम गेजमध्ये पास होते आणि तरी खांद्यापुढे मोठी पोकळी असते. पहिल्याच बाराला खांदा त्या पोकळीत पसरतो. त्यात ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या टोकाला कुलूप होतो, त्यामुळे दाबाखाली तो किंचित जास्त लवचतो आणि पितळ आणखी ताणली जाते.

उपाय डायमध्ये आहे. पहिल्या बारानंतर फक्त मान साइझ करा, किंवा पूर्ण डाय एवढीच खाली घ्या की खांदा एक-दोन थाउच हलेल. मग काडतूस रिमऐवजी खांद्यावर टेकतं आणि पुंगळ्या कितीतरी जास्त टिकतात. ली-एनफिल्डच्या नंबर ४ रायफलसाठी ० ते ३ क्रमांकांची वेगवेगळ्या लांबीची बोल्टहेड असत, पण त्यांनी रिमची फट भरते, खांद्यापुढची पोकळी तशीच राहते. पट्ट्याच्या .३०० मॅग्नमलाही हाच न्याय: पट्टा विसरा, खांदा मोजा.

मित्राच्या रायफलमध्ये झाडलेल्या किंवा रेंजवर उचललेल्या पुंगळ्या वापरू का?

वापरता येतात, पण पहिल्यांदा त्यांना आपल्या चेंबरच्या मापाला आणावं लागतं. आपल्या सेटिंगवर त्या नेहमीच उतरतील असं नाही. त्यांची कंबर दुसऱ्या, रुंद चेंबरमध्ये फुगलेली असू शकते. प्रत्येक पुंगळी आपल्या रायफलमध्ये रिकामी घालून पाहा. आपण भरलेलं काडतूस मित्राला देऊ नका. ते तुमच्या चेंबरचं आहे, आणि विकायचं म्हटलं तर अमेरिकेत त्यासाठी फेडरल परवाना लागतो. स्वतःपुरतं भरायला तो लागत नाही.

चेंबरचं ओतीव कास्ट कधी घ्यावं?

बॅरलवरचा शिक्का वाचता येत नसेल किंवा कुणीतरी चेंबर बदललं असल्याचा संशय असेल तेव्हा. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो. तो थंड होताना आधी आक्रसतो, मग फुगतो, आणि साधारण तासाभराने चेंबरच्या मापाला येतो. म्हणून माप तेव्हाच घ्यायचं. बॅरल पुढून बंद करायला विसरू नका.

हे भारतात करता येईल का?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शस्त्राचा परवाना असला म्हणजे काडतुसं भरायची मुभा मिळते असा समज करून घेऊ नका. सुट्टीवर गावी जाताना पुंगळ्या, डमी काडतूस किंवा गेज बॅगेत राहून गेलं नाही ना हे तपासा. विमानतळावर कुणी ‘रिकामी आहे’ हे ऐकून घेत नाही. महाराष्ट्रात काडतुसं बनतात ती खडकी आणि वरणगावच्या सरकारी कारखान्यांत.

स्वप्नील कुसाळे, तेजस्विनी सावंत या नेमबाजांच्या प्रकारात हे सगळं लागतं का?

५० मीटर रायफल .२२ रिमफायरची (पिन तळाच्या मध्यावर नव्हे, कडेवर आदळते अशा काडतुसाची) असते. कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं ते याच प्रकारात. रिमफायरची पुंगळी पुन्हा भरता येत नाही. तिथे नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या बॅरलमध्ये झाडून पाहतात आणि जुळेल तो लॉट घेतात. ३०० मीटरच्या सेंटरफायर प्रकारात मात्र चेंबर आणि पुंगळी यांचा हा हिशेब रोजचा आहे. तो प्रकार १९७२ नंतर ऑलिंपिकमध्ये नाही, जागतिक स्पर्धांत आहे.

एकदा माप घेतलं की ते कायमचं?

हेडस्पेस क्वचित बदलतं. बोल्टची कुलपं झिजली किंवा दाब वारंवार जास्त गेला तरच, आणि तसं दिसलं तर रायफल आधी गनस्मिथला दाखवा. थ्रोट मात्र गरम गॅसने झिजत राहते आणि लँड पुढे सरकत जातात. वेगवान मॅग्नममध्ये हे लवकर होतं, .३०८ मध्ये संथ. काही शे गोळ्यांनंतर त्याच बनावटीच्या बुलेटने लँडचं माप पुन्हा घ्या. मूळ मोजणीतली बुलेट चिठ्ठी लावून वेगळी ठेवली असेल तर तुलना खरी होते. वहीत तारीख, बुश, कॅलिपर, झाडलेल्या पुंगळीचं वाचन, साइझ केल्यावरचं वाचन, लँडचं माप आणि बॅरलवरून गेलेल्या गोळ्यांची संख्या एवढं लिहा, आणि बॅरल बदललं की नवं पान सुरू करा.